एका ब्लॉकची तीन नावं

मागच्या पावसाळ्यात एका वैद्यकीय परिसंवादाला गेले होते. विषय होता, लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, रोजच्या निदानात जनुकीय सिक्वेन्सिंग, म्हणजे गाठीतल्या जनुकांचं अक्षरन् अक्षर वाचणं, वापरावं का. पहिल्या वक्त्यांनी रंगीबेरंगी आलेख दाखवले आणि जाहीर केलं की सूक्ष्मदर्शकाचे दिवस भरले. यापुढे गाठीचा डीएनए यंत्रात घातला की रोगाचं नाव बाहेर येईल. दुसऱ्या वक्त्यांनी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. तालुक्याच्या गावात जिथे काढलेला तुकडा टिकवायचं फॉर्मलिनही वेळेवर मिळत नाही, तिथे जनुकं वाचायची भाषा म्हणजे अंगात सदरा नसलेल्याच्या गळ्यात टाय बांधणं, असं ते म्हणाले. टाळ्या दुसऱ्यांना जास्त पडल्या. मीही वाजवल्या. घरी येताना मात्र गाडीत स्वतःचाच राग आला, कारण त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक गाठ पडून होती आणि तिच्यापुढे ही दोन्ही भाषणं सारखीच निरुपयोगी होती.

गाठींचे तुकडे पाहून त्यांना नाव देणं, हे पॅथॉलॉजिस्टचं काम, आणि गेली पंचवीसेक वर्षं माझं पोटापाण्याचं. त्या जोरावर माझं मत आधीच सांगून टाकते. लिम्फोमाच्या निदानात सिक्वेन्सिंगला नेहमीची, हक्काची जागा मिळायला हवी. सरसकट प्रत्येक पेशंटसाठी नको, आणि मायक्रोस्कोपला हटवून तर मुळीच नको. स्लाइड पाहून, मार्कर (पेशीवरच्या खुणा रंगवून दाखवणारे डाग) लावूनही जिथे नाव ठरत नाही, किंवा नाव ठरलं तरी उपचाराची दिशा एखाद्या जनुकावर अवलंबून असते, तिथे ही चाचणी पॅथॉलॉजिस्टने स्वतः मागवावी, तिचा निकाल निदानाच्याच रिपोर्टात यावा आणि तिचा खर्च निदानाच्या खर्चातच धरावा. आज बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. चाचणी विकत घेतली जाते, ती नातेवाइकांकडून, पहिला उपचार फसल्यावर, जीव घाबरा झालेला असताना. आणि आपण परिसंवादांत भांडतो ते चाचणी चांगली की वाईट यावर. ती कुणी मागवायची आणि कधी, हा प्रश्न कुणी हातातच घेत नाही.

लिम्फोमा हा शब्द एकवचनी असला तरी त्याखाली साठाहून अधिक वेगवेगळे रोग येतात. काहींत पेशंटला वर्षानुवर्षं नुसतं नजरेखाली ठेवायचं असतं, काहींत त्याच दिवशी भरती करून केमो सुरू करावी लागते. आणि स्लाइडवर हे रोग एकमेकांसारखे दिसतात. इतकंच काय, साध्या संसर्गाने सुजलेल्या गाठीसारखेही दिसतात. स्तनाच्या कॅन्सरची पेशी काखेतल्या गाठीत दिसली तर ती परकी आहे हे लगेच कळतं, कारण तिचं तिथे काहीच काम नसतं. लिम्फोमाची पेशी मात्र तिच्या स्वतःच्याच घरात बिघडलेली असते. पंढरीच्या वारीत पाकीटमार शोधण्यासारखं हे काम आहे. कपाळाला बुक्का त्यानेही लावलेला असतो.

म्हणूनच या रोगाचा इतिहास हा बराचसा चुकलेल्या नावांचा इतिहास आहे. 1832 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये थॉमस हॉजकिन यांनी सात रुग्णांच्या गाठींचं वर्णन केलं. गंमत अशी, की हॉजकिन मायक्रोस्कोपचे चांगले जाणकार होते. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्याबरोबर 1827 मध्ये त्यांनी रक्त आणि ऊती सुधारित सूक्ष्मदर्शकातून कशा दिसतात यावर निबंधही लिहिला होता. तरी या गाठी त्यांनी पाहिल्या त्या नुसत्या डोळ्यांनी. त्यांपैकी काहींचे नमुने हॉस्पिटलच्या संग्रहालयात बरण्यांमध्ये तसेच राहिले. 94 वर्षांनी, 1926 मध्ये, हर्बर्ट फॉक्स यांनी त्यांचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली ठेवले. ज्या गाठींवरून रोगाला हॉजकिन यांचं नाव पडलं, त्यांतल्या सगळ्याच काही हॉजकिनच्या निघाल्या नाहीत.

याहून आपल्या अंगणातली गोष्ट पुढची आहे. 1898 मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी या रोगातल्या त्या प्रसिद्ध मोठ्या पेशींचं नीट वर्णन केलं, आणि हा क्षयाचाच एक वेगळा प्रकार आहे असा निष्कर्ष काढला. त्यांच्या अनेक रुग्णांना क्षयही होता, त्यामुळे चूक समजण्यासारखी होती. 1902 मध्ये बाल्टिमोरच्या डॉरोथी रीड यांनी ती खोडून काढली. खोडून काढली म्हणजे पुस्तकांतून. आमच्याकडच्या जिल्ह्यांत स्टर्नबर्ग अजून प्रॅक्टिस करतात. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, सुईच्या तपासणीचा गुळमुळीत रिपोर्ट, की एकेटी, म्हणजे क्षयाच्या गोळ्या, सुरू. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरही ठरतो. क्षय आपल्याकडे खरोखरच इतका आहे की डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं असलं तरी न्याय्य नाही. पण ज्यांच्या बाबतीत अंदाज चुकतो त्यांचे सहा महिने गोळ्यांत जातात. गोळ्यांनी ताप थोडा उतरला की सगळे खूश, परत चढला की 'डोस वाढवून बघू'. रोग रेड्याला, औषध पखालीला.

आणखी एक नाव असंच उलटलं. हेन्री रॅपापोर्ट यांच्या वर्गीकरणात मोठ्या पेशींच्या लिम्फोमांना 'हिस्टिओसायटिक' म्हणत, कारण त्या पेशी हिस्टिओसाइटसारख्या, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशींसारख्या, दिसत. सत्तरच्या दशकात पेशींच्या अंगावरच्या खुणा ओळखता येऊ लागल्या, आणि त्यातल्या बहुतेक पेशी हिस्टिओसाइट नसून लिम्फोसाइटच, म्हणजे लसिका ग्रंथींतल्या नेहमीच्या पांढऱ्या पेशीच, आहेत असं निघालं. एका पिढीने शिकलेलं आणि शिकवलेलं नाव रद्द झालं. 1994 च्या वर्गीकरणापासून तर पेशीचं रूप, मार्कर, जनुकीय बदल आणि पेशंटची लक्षणं, या चारही गोष्टी एकत्र पाहून रोग ठरवायचा अशी रीतच पडली; 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच उचलली. तेव्हा जनुकांना घरात घ्यायचं का, ही चर्चा तीस वर्षं उशिरा चालली आहे. मँटल सेल लिम्फोमा ओळखायला मी सायक्लिन डी-1 या प्रथिनाचा डाग लावते, तेव्हा अकराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांनी आपापसांत तुकडे बदलल्याचा परिणामच तपकिरी रंगात पाहत असते. मग मायक्रोस्कोप विरुद्ध जनुक ही कुस्ती लावली कुणी?

असो. दुसऱ्या वक्त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी त्यांच्यापेक्षाही ठासून मांडू शकते. माझ्याकडे एकदा गाठ आली ती खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. ऑपरेशनच्या वेळी मऊ होती म्हणून अरुंद तोंडातून आत गेली. फॉर्मलिनमध्ये कडक झाल्यावर बाहेर येईना. शेवटी फडक्यात गुंडाळून बाटली फोडावी लागली. कधी गाठ सलाइनमध्ये येते, दीड दिवस एसटीने हिंडून. कधी लिंबाएवढी गाठ न कापता अख्खीच टाकलेली असते. फॉर्मलिन बाहेरच्या कडेपुरतं मुरतं आणि मधला गर कुजतो. कधी गाठ काढण्याऐवजी नुसती सुई घातलेली असते. सुईत पेशी येतात, गाठीची रचना येत नाही, आणि लिम्फोमात निम्मं उत्तर रचनेत असतं. अशा मालातून डीएनए काढायचा म्हणजे भिजलेल्या पोथीची पानं सोडवण्यासारखं. आणि माल उत्तम असला तरी वाचणारा डोळा हवा. फ्रान्समध्ये 2010 पासून लिम्फोमाच्या निदानांची तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी होऊ लागली. चार वर्षांतल्या छत्तीस हजारांहून अधिक नव्या लिम्फोमांचा त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा 19.7 टक्के निदानं बदलली होती आणि 17.4 टक्के रुग्णांच्या उपचारावर त्याचा परिणाम होण्यासारखा होता. हे फ्रान्समधलं. आपल्याकडचा असा मोजका हिशेब मांडायचं कुणी मनावर घेतलं तर काय निघेल, याचा विचार मी रात्री करत नाही.

मग दुसऱ्या वक्त्यांशी माझं भांडण काय? भांडण 'आधी' या शब्दाशी आहे. आधी फॉर्मलिन, मग मार्कर, मग तज्ज्ञ, आणि हे सगळं जमलं की सावकाश जनुकं, अशी रांग लावली की शेवटच्याचा नंबर कधीच लागत नाही, आणि पहिल्याचाही लागतोच असं नाही. उलट, पुढची चाचणी दारात येऊन बसली म्हणून मागची शिस्त लागली, असं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-2 या प्रथिनाची तपासणी आली, महागडं औषध तिच्यावर अवलंबून राहिलं, तेव्हा 2007 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी नियम घातला की तुकडा फॉर्मलिनमध्ये 6 ते 48 तास असावा. पुढे ती मर्यादा 72 तासांवर नेली. त्याआधी आमच्याकडे 'तुकडा किती वाजता टाकला' हे कोण विचारत होतं? त्यानंतर फॉर्मवर तशी ओळ आली. सर्जनना फोन करून विचारायची सोय झाली, कारण आता विचारण्यामागे कारण होतं. पाया भरायला कळसाचं आमिष लागतं, हा बांधकामाचा नियम नसला तरी आमच्या धंद्याचा आहे.

इंग्लंडमध्ये लीड्सला 1990 च्या दशकात रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी एकत्रित निदानसेवा उभी राहिली. त्यांनी ही रांग मोडली. आसपासच्या हॉस्पिटलांमधले नमुने एका छताखाली यायचे. स्लाइड, मार्कर, गुणसूत्रं, जनुकं, सगळं तिथेच व्हायचं आणि बाहेर जायचा तो एकच रिपोर्ट. 2003 मध्ये तिथल्या 'नाइस' या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने अशाच एकत्रित प्रयोगशाळा देशभर असाव्यात अशी शिफारस केली. मला त्यातला 'एकच रिपोर्ट' हा भाग यंत्रांपेक्षा मोठा वाटतो. आमच्याकडे एका पेशंटच्या प्लास्टिकच्या पिशवीत चार लॅबचे पाच रिपोर्ट असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. जनुकं वाचून करायचं काय, उपचार तर तोच आहे! मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात (बी आणि टी हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार) जगभर आजही बहुसंख्य रुग्णांच्या उपचाराचा पाया आर-चॉप, म्हणजे चॉप ही जुनी केमो आणि जोडीला रिटुक्सिमॅब हे औषध, किंवा त्याचाच भाऊबंद असतो. नवं ते सोनं नसतं हे या रोगाने याआधीही शिकवलं आहे: अमेरिकेत जुन्या चॉपची गाठ तीन नव्या, गुंतागुंतीच्या केमोंशी घालून दिली, 1993 मध्ये निकाल आला, आणि नव्यांपैकी एकही सरस ठरली नाही, विषारी मात्र जास्त ठरल्या. जनुकांच्या बाबतीतही तेच. 2000 साली या लिम्फोमाचे जनुकांच्या हालचालीवरून दोन गट पाडले गेले, केवढा गाजावाजा झाला. मग एका गटात आर-चॉपला इब्रुटिनिब या नव्या औषधाची जोड देऊन 838 रुग्णांवर चाचणी केली, आणि 2019 मध्ये निकाल आला की एकूण फायदा नाही. साठीपुढच्यांना तर औषधच झेपलं नाही. पुढे 2021 मध्ये त्याच चाचणीतल्या नमुन्यांची जनुकं अधिक बारकाईने वाचली, तेव्हा साठीच्या आतल्या दोन उपगटांत मोठा फायदा दिसला. पण ते आकडे थोडे, आणि मागाहून शोधलेले. त्यांच्या जोरावर उद्यापासून सगळ्यांची जनुकं वाचा म्हणणं हा उतावळेपणा होईल. इथवर मी विरोधकांच्या बाजूने आहे, हातचं काही न राखता.

फक्त त्यांच्या लक्षात येत नाही की हा सगळा युक्तिवाद एकाच रोगाच्या पोटभेदांबद्दल आहे. रोग कोणता हे ठरलेलं आहे असं धरून तो सुरू होतो. माझ्या टेबलावरचा प्रश्न त्याच्या अलीकडचा असतो: हा लिम्फोमा आहे तरी का, आणि असला तर कोणता?

त्या आठवड्यातली गाठ होती एका निवृत्त शिक्षकांची. वय साठीपुढे, ताप, अंगावर पुरळ, मानेत आणि काखेत गाठी. मानेतली गाठ काढली. सोबतच्या फॉर्मवर निदानाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह आणि पुढे 'कॉक्स' एवढंच, म्हणजे क्षय आहे का. पहिल्या लॅबने क्षयाची शक्यता कळवली. एकेटी झाली, गाठी वाढल्या. तोच ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, दुसरीकडे गेला. तिथे मोठ्या पेशी दिसल्या, सीडी-30 हा मार्कर लागला, आणि हॉजकिन लिम्फोमाचा रिपोर्ट आला. केमो सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना पेशंटचं वय आणि पुरळ खटकलं, म्हणून ब्लॉक माझ्याकडे. मोठ्या पेशी मलाही दिसल्या. पण त्यांच्याभोवतीची गर्दी मला साधी वाटेना: फांद्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या, आणि टी-पेशींवर कुठे कुठे सीडी-10 चा फिका तपकिरी डाग, इतका फिका की एका दिवशी मी 'आहे' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. एका विशिष्ट टी-पेशी लिम्फोमात हॉजकिनसारख्या मोठ्या पेशी तोतयासारख्या येऊन बसतात, हे आम्हाला ठाऊक असतं. ठाऊक असणं वेगळं आणि सही करणं वेगळं.

सिक्वेन्सिंगमध्ये आरएचओए जनुकात सतराव्या जागेवरचा तो नेमका बदल सापडला. त्या टी-पेशी लिम्फोमाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तो असतो आणि हॉजकिनमध्ये अपेक्षित नसतो. सोबत आयडीएच-2 आणि टेट-2 या जनुकांमधले बदल. मी जे आधी खोडलं होतं ते परत लिहिलं आणि सही केली. केमोचा आराखडा बदलला. नाव बरोबर मिळालं म्हणून सर ठणठणीत झाले, अशी गोष्ट मी सांगणार नाही. हा रोग हॉजकिनपेक्षा पुष्कळ वाईट. पण चुकीच्या रोगाची केमो सोसणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. इथेही 'उपचार तर तोच' म्हणणार का?

असे रोग आणखी आहेत. वाल्डेनस्ट्रॉमच्या रोगात, हाही एक लिम्फोमाच, नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत एमवायडी-88 जनुकातली एकच ठरावीक चूक असते हे 2012 पासून माहीत आहे. या रोगाचे शेजारी दिसायला तसेच, पण त्यांच्यात ती चूक क्वचित. मेंदूतल्या लिम्फोमात, जिथे बायोप्सी घेणंच जोखमीचं असतं, तिथे पाठीतल्या पाण्यात तीच चूक सापडली तर फार मोठा आधार मिळतो. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बी-रॅफ जनुकातली चूक तशीच उपयोगाची. अर्थात यांच्यासाठी अख्खं पॅनेल मागवायचं कारण नाही. एकाच जागेची साधी, स्वस्त तपासणी पुरते, आणि तिथे शेकडो जनुकांचं पॅनेल विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. पण टीपी-53 चं तसं नाही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आणि मँटल सेल लिम्फोमा या दोन्हींत हे जनुक बिघडलेलं असलं तर नेहमीची केमो फार काळ टिकत नाही. आमच्याकडे बरेच जण फिशवर, म्हणजे गुणसूत्रांचे तुकडे चमकवून पाहायच्या चाचणीवर, भागवतात. फिशला पुस्तकातलं फाटलेलं पान कळतं, पानावरची चुकीची छपाई कळत नाही. ती वाचूनच काढावी लागते. क्रॉनिक लिम्फोसायटिकमध्ये उपचाराआधी हे वाचा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. ही चैन नव्हे.

इथवर वाचून पहिले वक्ते खूश झाले असतील, तर त्यांच्यासाठी दुसरी गोष्ट. एक मुलगा आईची फाइल घेऊन आला. आयटीत नोकरी, चौदा पानांचा छापील जनुकीय रिपोर्ट, दोन महिन्यांचा पगार गेलेला. "मॅडम, पैशाचं काही नाही, पण यात नक्की काय लिहिलंय ते कुणीच सांगत नाही." आईचं वय बहात्तर. रिपोर्टात टेट-2 मध्ये बदल, आणि खाली उपलब्ध औषधांची यादी, लिम्फोमाशी संबंध असल्याचा शेरा. स्लाइड मागवून पाहिली. लिम्फोमा नव्हता; ग्रॅन्युलोमा, म्हणजे क्षयात दिसतात तसे पेशींचे पुंजके, होते, चांगले बांधीव, मधोमध पनीरासारखा मृत भाग, आणि विशेष डागात क्षयाचे जंतूही दिसले. वयाबरोबर रक्तपेशींत टेट-2 आणि त्याच्या भावंडांचे बदल साचत जातात, पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत ते कुठल्याही कॅन्सरशिवाय असतात, हे 2014 पासून नीट माहीत आहे. गाठीतल्या तुकड्यात रक्त असतंच. यंत्राने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ज्याने गाठ पाहिली नाही, त्याने अक्षरं वाचली, एवढंच. गंमत म्हणजे तोच टेट-2 सरांच्या रिपोर्टातही होता. इथे क्षयाला लिम्फोमा ठरवलं, तिथे लिम्फोमाला क्षय. आपल्या माणसांचे जनुकीय नमुने जागतिक साठ्यांत कमी असल्यामुळे 'अर्थ अनिश्चित' असा शेराही आपल्याकडच्या रिपोर्टांत जास्त येतो. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांची माहिती 2025 च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली आहे, तिचा उपयोग होईल. पण सगळा साठा भरला तरी स्लाइडशिवाय वाचलेला टेट-2 मुकाच राहणार.

तेव्हा सोनारानेच कान टोचावे. या बाबतीत सोनार म्हणजे ज्याच्यासमोर स्लाइड, मार्कर आणि पेशंटची हकीकत तिन्ही आहेत तो. प्रयोगशाळेचा प्रतिनिधी नव्हे, इंटरनेटवर रात्रभर जागलेला मुलगा नव्हे, आणि स्पष्टच बोलायचं तर दर पेशंटमागे एक पॅनेल ठोकून देणारा कॅन्सरतज्ज्ञही नव्हे. यात आम्हा पॅथॉलॉजिस्टांचा अहंकार आहे असं कुणी म्हणेल. थोडा असेलही. पण अहंकाराला जबाबदारीची वेसण घालता येते: मागवलं तर का मागवलं हे रिपोर्टात लिहा, आणि निकालाने निदान कसं हललं, की हललंच नाही, तेही लिहा. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने 2018 पासून कुठल्या आजारात कुठली जनुकीय चाचणी सरकार करून देईल याची जाहीर यादीच ठेवली आहे. यादीत असलेली चाचणी मिळते. नसलेलीसाठी भांडता येतं. आपल्याकडे भांडायलाही कागद नाही.

राहिला पैसा. पाच आकडी रकमेची चाचणी शेतमजुराच्या घरी नाकापेक्षा मोती जड होते, हे मान्य. पण ही किंमत कुणाला लावलेली आहे? एकट्या, घासाघीस न करणाऱ्या, घाबरलेल्या गिऱ्हाइकाला. सिक्वेन्सिंगचं यंत्र वडापच्या जीपसारखं असतं. जीप भरली तर प्रत्येकाचं भाडं कमी. भरेपर्यंत थांबलं तर प्रवाशाचा दिवस गेला. रिकामी सोडली तर एकट्याने सगळं भाडं भरायचं. आज आपल्याकडे रिपोर्टाला आठवडे लागतात आणि दरही चढा, कारण सवाऱ्या शंभर जीपांत विखुरलेल्या आहेत. भारतात वर्षाला नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे 35 ते 40 हजार नवे रुग्ण असतात असा जागतिक अंदाज आहे. त्यातल्या थोड्यांनाच ही चाचणी लागेल असं धरलं तरी जीपा भरण्याइतक्या सवाऱ्या नक्की आहेत. रिटुक्सिमॅबचं काय झालं आठवा. 1997 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ते औषध आपल्याकडे कितीतरी वर्षं फक्त श्रीमंतांचं होतं, आणि 'आपल्या पेशंटला चॉपच ठीक' असं आम्हीच म्हणत होतो. 2007 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती आणली. आज तालुक्याच्या पेशंटलाही आर-चॉपमधला 'आर' मिळू शकतो, आणि तो चैनीचा आहे असं कुणी म्हणत नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने कॅन्सरची औषधं एकत्रित खरेदी करून किमती कशा पाडता येतात हे दाखवलंच आहे. औषधांची मोळी बांधता येते, तर चाचण्यांची का नाही?

आपल्या सरकारी विमा योजना, महात्मा फुले असो की आयुष्मान भारत, उपचारांच्या पॅकेजांभोवती बांधलेल्या आहेत. अमुक केमोला अमुक रक्कम. निदान झालेलं आहे असं गृहीत धरूनच फाइल पुढे सरकते. म्हणजे चुकीच्या नावाने केलेल्या सहा केमोंचे पैसे मिळतात, बरोबर नाव शोधायच्या एका चाचणीचे मिळतील याची खात्री नाही. हा हिशेब कुणाच्या फायद्याचा आहे? सरकारच्याही नाही. आणि हो, थांबायला वेळ नसलेले पेशंट असतात. बर्किट लिम्फोमाच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. तिथे मायक्रोस्कोप, मार्कर आणि फिशवर निर्णय घेऊन केमो सुरू करायची असते, सिक्वेन्सिंगची वाट बघत बसणारा डॉक्टर मूर्खच. ज्यांच्या बाबतीत आधीच सहा महिने वाया गेलेत, त्यांना मात्र तीन आठवडे फार होतात म्हणून सांगू नये.

सर ब्लॉक परत न्यायला स्वतः आले होते. पुढचे उपचार मुंबईत घ्यायचे ठरले होते. ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान, मेणाचा चौकोन. त्याच्या कडेला तीन लॅबचे तीन नंबर होते, एक पेन्सिलने, दोन शाईने. सरांनी चष्मा वर करून तो उजेडात धरला आणि मेणातला तो करडा ठिपका बराच वेळ पाहिला. मग रजिस्टरमध्ये सही करता करता म्हणाले, "मॅडम, हजेरीपटावर एका पोराची मी तीन नावं लिहिली असती ना, तर मला मेमो आला असता."